कासव, करपलेली पोळी वगैरे वगैरे

शनिवारी सकाळी साडेआठला ताईचा फोन आला. आयटीवाल्यांच्या घड्याळात शनिवारचे साडेआठ म्हणजे पहाटच, त्यामुळे आधी पोटात गोळा आला. पण ताई भलतीच खुशीत होती.

"अरे, तुझी भाची ॲप डेव्हलपर होणार!"

भाचीबाई चौथीत. झालं असं होतं की एका कोडिंग क्लासचा फुकट डेमो तिने ऑनलाईन केला. चाळीस मिनिटांत तिचं 'ॲप' तयार झालं, पडद्यावर फुगे उडाले, नाव छापलेलं सर्टिफिकेटही आलं. पाठोपाठ 'काउन्सेलर' नावाच्या गोडबोल्या मुलाचा फोन. मुलगी फार 'स्पेशल' आहे म्हणे, आत्ता सुरुवात केली नाही तर मागे पडेल, आणि आजच्या आज फी भरली तर सूट. फीचा आकडा ऐकून माझी झोप पार उडाली. माझ्या पहिल्या बाईकचं डाउन पेमेंट त्याहून कमी होतं!

मी विचारलं, "तिने ॲपमध्ये नेमकं काय केलं?"

"मला काय कळतंय त्यातलं. ती बाई सांगेल तिथले ठोकळे उचलून सांगेल तिथे ठेवत होती."

ताईला हसण्यात अर्थ नाही. ती आणि भाऊजी दोघंही सकाळी आठला घराबाहेर पडतात ते संध्याकाळी सातला परत येतात. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग आलं, तेव्हापासून अशा जाहिरातींचा नुसता पाऊस आहे, आणि आपलं मूल मागे पडेल ही भीती विकायला सगळ्यात सोपी. तिच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या मुलाने असाच एक कोर्स केला होता. कोर्स संपला, लॉगिन बंद झालं आणि त्याने वर्षभर केलेले सगळे गेम त्या लॉगिनबरोबर गेले. हे मला ताईनेच सांगितलं, आणि वर "तरी पण..." असंही म्हणाली.

मी तिरीमिरीत बोलून बसलो, "एक पैसा भरू नकोस. मी शिकवतो. सगळं फुकट आणि ओपन सोर्स आहे."

असं आपण बोलून बसतो. मग करावं लागतं.

कपाटात माझा कॉलेजातला लॅपटॉप पडून होता, बिजागरी तुटलेला, चार जीबी रॅमचा. त्यावर लिनक्स चढवलं. पायथन आणि त्यातलं टर्टल आयतंच होतं, केटर्टल टाकलं. स्क्रॅचचं लिनक्ससाठी अधिकृत ऑफलाईन ॲप नाही, पण ब्राउझरमध्ये ते झकास चालतं. खर्च शून्य. बिजागरीला फेव्हिक्विक लावलं तेवढाच.

हे सगळं करताना शाळेतला लोगो आठवला. आमच्या शाळेत सहावीला कम्प्युटर लॅबमध्ये लोगो होता. एका मशीनवर तीन मुलं आणि आडनावाच्या क्रमाने माझा नंबर तिसरा, म्हणजे मी प्रेक्षक. पडद्यावर एक छोटा त्रिकोण, त्याला कासव म्हणायचं. 'एफडी १००' म्हटलं की ते शंभर पावलं पुढे जातं, 'आरटी ९०' म्हटलं की काटकोनात उजवीकडे वळतं. 'रिपीट ४ [एफडी १०० आरटी ९०]' म्हणजे चौकोन. परीक्षा मात्र कागदावर! चौकोनाचा प्रोग्राम लिहा, गुण दोन. एकदा पहिले दोघं गैरहजर होते, तेव्हा मी कासवाला एक अंश वळवलं आणि म्हटलं, एक लाख पावलं चाल. ते एका कडेतून बाहेर जायचं आणि समोरच्या कडेतून आत यायचं. बघता बघता सगळा पडदा तिरक्या रेघांनी भरून गेला. आयुष्यात इतकं सुंदर काही मी केलंच नव्हतं. सर धावत आले, "मशीन खराब होईल, बंद कर!" म्हणाले आणि प्लगच काढला.

त्या कासवाचा बाप कोण हे मला नोकरी लागल्यावर कळलं. सेमूर पेपर्ट हा दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला गणिती, जीनिव्हात ज्याँ पियाजेबरोबर काम केलेला. मुलं शिकतात कशी हे पियाजेकडून घेतलं आणि अमेरिकेत आला. १९६७ मध्ये वॉली फोर्झिग, सिंथिया सॉलोमन आणि पेपर्ट यांनी केंब्रिजच्या बीबीएन कंपनीत लोगो तयार केली. गंमत म्हणजे सुरुवातीला तिच्यात कासव नव्हतंच, शब्द आणि वाक्यांचे खेळ होते. कासव नंतर आलं, तेही आधी जमिनीवर चालणारं खरंखुरं यंत्र म्हणून, पडद्यावर त्याच्याही नंतर. १९८० च्या 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकात पेपर्टने जे मांडलं ते मला आजही पटतं. कासव कसं वळेल हे कळत नसेल तर मुलाने उठावं आणि स्वतः कासव होऊन चालून पाहावं. भूमिती आधी पायांना कळते. आणि प्रोग्राम 'चूक की बरोबर' असा नसतो, त्यात कुठे बग आहे आणि तो कसा काढायचा एवढाच प्रश्न असतो. आमच्या सरांपर्यंत पुस्तकाचा हा भाग पोचला नसावा.

तर पहिला शनिवार. लॅपटॉप उघडलाच नाही. ताईच्या हॉलमध्ये मोठमोठ्या फरश्या आहेत. भाचीबाई कासव, मी प्रोग्रामर. अंश वगैरे तिला माहीत नव्हते म्हणून घड्याळ वापरलं. नाक बाराकडे असताना 'तीन तास वळ' म्हणजे काटकोन. चौकोन पहिल्याच फटक्यात जमला.

मग त्रिकोण. मी रुबाबात सांगितलं, "दोन फरश्या पुढे, दोन तास वळ, पुन्हा दोन फरश्या..." त्रिकोणाचा कोन साठ अंशाचा, साठ अंश म्हणजे दोन तास. इंजिनिअरिंगची डिग्री आहे आपली! भाचीबाई चालत गेल्या, वळल्या, चालल्या, वळल्या आणि चपलांच्या स्टँडवर जाऊन आदळल्या. त्रिकोण काही बंद होईना.

"मामा, हा तुझा बग आहे," ती म्हणाली. शब्द दहा मिनिटांपूर्वी मीच शिकवला होता.

बाबा सोफ्यावर पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच म्हणाले, "शेवटी तिचं तोंड पुन्हा बाराकडे यायला हवं ना? मग तीन वळणांत किती तास झाले पाहिजेत?"

ती जागच्या जागी गोल फिरली. बोटं मोजली. "बारा. म्हणजे चार-चार!"

चार तास, म्हणजे १२० अंश. कोन आतला साठ, पण कासव वळतं ते बाहेरच्या कोनातून. मी हे दहावीत पाठ केलं होतं, ती चौथीत चालून आली. स्टँड बाजूला सरकवून माझा दोन तासांचा प्रोग्राम पूर्ण चालवला तर त्याचा षटकोन झाला, हे आम्हाला नंतर कळलं. त्या रात्री झोपताना तिने ताईला विचारलं म्हणे, की पाच वेळा वळायचं तर किती तास. (करून बघा. उत्तर पूर्ण तासांत येत नाही.)

पुढच्या शनिवारी स्क्रॅच. हे एमआयटी मीडिया लॅबमधल्या मिचेल रेझनिकच्या चमूचं काम, २००७ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. रेझनिक हा पेपर्टच्याच परंपरेतला. पहिलं स्क्रॅच लिहिलं होतं स्क्वीकमध्ये, आणि स्क्वीक म्हणजे ॲलन के, डॅन इंगल्स वगैरे मंडळींनी १९९६ मध्ये ॲपलमध्ये असताना बांधलेलं मोकळं स्मॉलटॉक. त्या जुन्या स्क्रॅचच्या लोगोतल्या 'आर' अक्षराच्या वरच्या गोलात शिफ्ट दाबून क्लिक केलं की एक मेनू उघडायचा आणि तिथून खालच्या स्क्वीकपर्यंत जाता यायचं. मांडीवरच्या खेळण्याचं झाकण काढून आतल्या चाव्या बघण्यासारखं! २०१३ चं दुसरं स्क्रॅच फ्लॅशवर गेलं. मग फ्लॅशच आचके देऊ लागलं, तेव्हा जानेवारी २०१९ मध्ये तिसरं आलं, जावास्क्रिप्टमध्ये नव्याने लिहिलेलं. २०२० च्या अखेरीस फ्लॅश कायमचं मिटलं, पण मुलांचे जुने प्रोजेक्ट नव्यात उघडत राहिले. ताईच्या मैत्रिणीच्या मुलाचे गेम मला इथे आठवतात.

भाचीबाईंना या इतिहासात काडीचा रस नव्हता. तिला आवडलं 'सी इनसाइड' हे बटण. कुणाचाही गेम उघडा, बटण दाबा, आतले सगळे ठोकळे समोर. आवडला तर रीमिक्स करा, मूळ मुलाचं नाव आपोआप खाली येतं. तिला हे खरंच वाटेना.

"म्हणजे कॉपी केलं तर चालतं?"

"चालतं. पण कोणाचं घेतलं ते लिहायचं."

"शाळेत चालत नाही."

काय बोलणार? माझी अख्खी नोकरी यावर चालते.

चार-पाच गेमच्या आत डोकावून झाल्यावर तिने स्वतःचा करायला घेतला. तव्यावरची पोळी. स्पेस दाबली की पोळी उलटते, वेळेत उलटली नाही तर करपते. पोळी तिनेच काढली, तीन चित्रं : कच्ची, भाजलेली आणि करपलेली. तिसरीवर तिने विशेष मेहनत घेतली होती. 'भाजणे' नावाचा व्हेरिएबल एकेकाने वाढत जायचा, आणि तो दहा झाला तर हे चित्र, अकरा झाला तर ते, असे एकाखाली एक सोळा 'इफ' ठोकळे. बघून माझ्या अंगावर काटा आला. पण चालत होतं! एकच भानगड होती. हिरवा झेंडा दुसऱ्यांदा दाबला की पोळी सुरुवातीलाच करपलेली. स्क्रॅचमध्ये व्हेरिएबल आधीच्या वेळची किंमत धरून बसतो, सुरुवातीला शून्य करावा लागतो.

ती बराच वेळ पडद्याकडे बघत बसली होती. रविवारची संध्याकाळ, मला हिंजवडीला परत जायचं होतं, पावसाने ट्रॅफिक लागणार होतं.

"दे इकडे," मी म्हणालो आणि माउस घेतला.

अकरा मिनिटं लागली. सोळा इफ काढून टाकले, एक छान लूप, सुरुवातीला शून्य, जाता जाता गुणफलक आणि चर्र असा आवाजही. एकदम स्वच्छ कोड. मी स्वतःवरच खूश होऊन तिच्याकडे पाहिलं.

"छान झालं," ती म्हणाली आणि खाली खेळायला गेली.

पुढचा शनिवार, तिला बरं नव्हतं. त्याच्या पुढचा, मैत्रिणीचा वाढदिवस. तिसऱ्या आठवड्यात मी ताईला फोनवर विचारलं, लॅपटॉप बिघडला का?

"नाही रे. ती म्हणते, तो मामाचा गेम आहे."

मी हिंजवडीच्या खोलीत फोन हातात धरून बसून राहिलो. पोरीने एका वाक्यात कोड रिव्ह्यू केला होता माझा. ऑफिसात कुणाच्या पुल रिक्वेस्टवर मी किती जपून लिहितो! 'इथे लूप वापरता येईल का, बघा' वगैरे. समोरचा माणूस पस्तीस लाखांच्या पॅकेजवर आहे म्हणून हात आवरतो, आणि नऊ वर्षांच्या मुलीच्या हातातून माउस काढून घेतो. सरांनी निदान प्लगच काढला होता, पडद्यावरच्या रेघा माझ्याच राहिल्या होत्या.

त्या रात्री झोप येईना म्हणून ओएलपीसीबद्दल वाचत बसलो. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड', ते हिरवे-पांढरे शंभर डॉलरवाले (जे शंभर डॉलरमध्ये कधीच मिळाले नाहीत). नेग्रोपाँटेने २००५ मध्ये घोषणा केली, २००६ मध्ये आपल्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने नकार दिला. तरी २००७ मध्ये भारतातला एक प्रयोग कुठे सुरू झाला माहितीये? रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या छोट्याशा शाळेत. कर्जतला आपण ट्रेकला जातो, वडापाव खातो, आणि तिथून जवळच्या वस्तीत मराठी बोलणारी पोरं तेव्हा शुगर नावाची सिस्टिम चालवत होती. शुगरमध्ये कासव होतं, ॲलन केचं ईटॉइज होतं, पायथनचं पिपी होतं. आणि कीबोर्डवर एक खास बटण होतं : सोर्स दाखवा. इतक्या कोवळ्या वयाच्या मुलांसाठी कुणी असं बटण बनवलं याचं मला फार कौतुक वाटतं.

पण पेरूमध्ये सरकारने असे आठ-नऊ लाख लॅपटॉप वाटले, आणि २०१२ मध्ये आलेल्या इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या अभ्यासात मुलांच्या गणित-भाषेच्या गुणांवर काही परिणाम दिसला नाही. सोर्स दाखवायचं बटण असून काय, शेजारी कोण बसलंय आणि ते काय करतंय यावर बरंच अवलंबून. आमच्याकडे शेजारी मी बसलो होतो.

(त्याच रात्री पायथनमध्ये टर्टलशी खेळत बसलो. पायथन ३ मध्ये फंक्शनची नावं देवनागरीत देता येतात. 'चौकोन' चाललं, 'पोळी' चाललं. 'भाकऱ्या' म्हटलं तर एरर! माझा कीबोर्ड त्या 'ऱ्या'साठी मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालतो आणि पायथनला ते नावात मंजूर नाही. हसावं की रडावं. पोळ्या लाटा, भाकऱ्या नकोत.)

तिचा मूळ प्रोग्राम मी मिटवून टाकला होता का, हा खरा प्रश्न होता. पुढच्या शनिवारी न सांगता गेलो. ताई म्हणाली, क्लासवाल्याचा पुन्हा फोन आला होता. भाचीबाई अभ्यासाच्या टेबलावर चित्र काढत होत्या, माझ्याकडे पाहून नुसतं "मामा" म्हणाल्या आणि पुन्हा चित्रात.

लॅपटॉप उघडला. डाउनलोड्समध्ये बघतो तर ब्राउझरची कृपा! दर वेळी सेव्ह करताना त्याने नवीन फाईल केली होती, कंसात १, २, ३ असे आकडे घालून. नववी माझी. आठवी तिची.

"इकडे ये, एक गंमत दाखवतो." मी आठव्या फाईलचं शेपूट बदलून झिप केलं. स्क्रॅचची फाईल म्हणजे झिपच असते. उघडली तर आत एक जेसॉन फाईल, म्हणजे सगळे ठोकळे लिहून ठेवलेले, आणि शेजारी चित्रं आणि आवाज, भलत्याच लांबलचक नावांनी. एकावर क्लिक केलं तर तिने काढलेली करपलेली पोळी.

"ही इथे राहते?"

"हो. आणि ही फाईल तुझी आहे. पेनड्राइव्हवर घाल, कुठेही ने, कुणी बंद करू शकत नाही. मी नवव्या फाईलमध्ये जे केलं ते मात्र न विचारता केलं. चुकलं माझं."

ती काही बोलली नाही. नववी फाईल तिने उजव्या क्लिकने डिलीट केली. 'नक्की ना?' असं लॅपटॉपने विचारल्यावर माझ्याकडे एकदा पाहिलं आणि केलीच. माझा चर्र आवाज गेला तिच्याबरोबर.

मग आठवी उघडली, सोळा इफवाली. झेंडा दाबला. पोळी करपलेली. पुन्हा दाबला. करपलेली. मी खुर्ची जवळ ओढली आणि हात नकळत टेबलावर आला.

"मामा, तू हात मागे ठेव."

ठेवले. मांडीखाली दाबून बसलो अक्षरशः. घड्याळात वीस मिनिटं गेली. मध्ये ताईने चहा आणला, तो गार झाला. आतून आजीने पोळीचा विषय काय चाललाय म्हणून विचारलं. भाचीबाई झेंडा दाबत होत्या, व्हेरिएबलच्या चौकटीतल्या आकड्याकडे बघत होत्या, पुन्हा दाबत होत्या.

"ही कालचीच पोळी आहे," ती एकदम म्हणाली. "झेंडा दाबला तरी तव्यावर तीच आहे. आधी नवीन घ्यायला पाहिजे."

स्क्रॅचमध्ये स्वतःचा ठोकळा करता येतो, हे तिने कुणाच्या तरी गेमच्या आत पाहिलं होतं. तिने एक केला आणि त्याला नाव दिलं 'नवीन पोळी'. त्यात 'भाजणे' शून्य आणि चित्र कच्चं. मी शून्य सरळ झेंड्याखाली ठोकून दिला होता. हिचं बघितल्यावर कळलं की हा ठोकळा कुठेही लावता येतो, म्हणजे पोळ्यांमागून पोळ्या करता येतात. माझ्या स्वच्छ कोडात पोळी एकच होती.

"आणि करपलेलीचं काय करायचं?" मी विचारलं. हात मांडीखालीच.

"ती खालच्या मोतीला," असं म्हणून तिने कुत्र्याचं चित्र काढायला घेतलं. सोळा इफ अजून तसेच आहेत, आता तर अठरा झालेत.